कीबोर्डाचा आवाज कमी करायचाय? आधी तो कुठून येतो ते ऐका

नागपूरच्या कळमना बाजारात कामाला पहाटेच्याही आधी सुरुवात होते. भाजीच्या गाड्या रात्रीच लागतात, मग फळांचे सौदे, धान्य आणि हंगामात मिरची. सौदा झाला की काम गाळ्यातल्या संगणकाकडे येतं. काट्यावरचं वजन, भाव, हमाली, तोलाई अशा नोंदी होतात आणि शेवटी शेतकऱ्याच्या हातात द्यायची हिशेबाची पट्टी निघते. बाजाराच्या गलबल्यात बटणांचा खडखडाट कुणाच्या कानावरही पडत नाही. तसाच कीबोर्ड घरी आला की मात्र तो ऐकू येतो. भरतवाडा, पारडी या बाजूच्या दोन खोल्यांच्या घरात रात्री अकराला कुणी राहिलेल्या नोंदी टाकत असतं, कुणी टंकलेखनाचा सराव करत असतं, कुणी दूरच्या कंपनीचं काम करत असतं, आणि पडद्यापलीकडे घर झोपलेलं असतं.

मेकॅनिकल कीबोर्डाची एक गोष्ट फार चांगली आहे: त्यातलं प्रत्येक बटण हे सुटं यंत्र असतं. ते उघडता येतं, साफ करता येतं, बदलता येतं. रबरी घुमटाच्या साध्या कीबोर्डात ही सोय नाही. म्हणून आवाज होतो एवढ्यासाठी चांगला कीबोर्ड टाकून देऊ नका. त्याचा आवाज बराच खाली आणता येतो आणि बटणांचा स्पर्शही मऊ करता येतो. फक्त कामाचा क्रम बरोबर हवा. बहुतेक जण थेट ग्रीसची डबी मागवतात. स्विचला ग्रीस लावणं हे काम शेवटचं आहे.

आवाज एक नाही, पाच-सहा आहेत

बटणावरची कॅप काढून तिच्याखालच्या एका स्विचच्या आत काय आहे ते समजून घ्या. खाली एक घर, वर त्याचं झाकण, मध्ये वरखाली सरकणारा दांडा, त्याखाली स्प्रिंग आणि एका बाजूला तांब्याच्या मिश्रधातूच्या दोन पातळ पट्ट्या. दांडा वर असताना त्याचे दोन पाय एका पट्टीला दाबून धरतात. दांडा खाली गेला की पाय सरकतात, पट्ट्या एकमेकींना टेकतात आणि अक्षर उमटतं. जर्मनीच्या चेरी कंपनीने १९८० च्या दशकात ही एमएक्स रचना आणली. तिच्या पेटंटची मुदत संपल्यावर गॅटेरॉन, कैल्ह, आउटेमू अशा चिनी कंपन्यांनी त्याच मापाचे स्विच बाजारात आणले. त्यामुळे आज एका कंपनीच्या स्विचवर दुसरीची कॅप बसते.

आता आवाज. दांडा तळाला आपटतो तो पहिला. बोट उचललं की स्प्रिंग दांडा वर फेकते आणि तो झाकणाला आपटतो, तो दुसरा. हा दुसरा आवाज लोक विसरतात आणि मग कॅपखाली रबरी रिंगा घालूनही कीबोर्ड शांत का होत नाही याचं कोडं सुटत नाही. तिसरा स्प्रिंगचा, ‘टिंग’ असा, कान जवळ नेल्यावर कळणारा. चौथा दांडा घरात घासल्याची खरखर. पाचवा स्पेसबार, एंटर, शिफ्ट, बॅकस्पेस अशा लांब बटणांखालच्या तारेचा खडखडाट. त्या तारेच्या जोडणीला स्टॅबिलायझर म्हणतात आणि १०४ बटणांच्या पूर्ण कीबोर्डात अशी आठ बटणं असतात. सहावा आवाज कीबोर्डाच्या पोकळ पेटीचा आणि खालच्या टेबलाचा.

निळ्या स्विचचा सातवा आवाज वेगळाच. आपल्याकडे बिलिंगच्या काउंटरवर, बँकांत, सरकारी कार्यालयांत वर्षानुवर्षं टीव्हीएसचा ‘गोल्ड’ कीबोर्ड दिसतो. त्यात बराच काळ चेरीचे निळे स्विच येत होते, आणि ‘टक-टक’ म्हणून आपल्याला जो आवाज ओळखीचा आहे तो त्यांचाच. या स्विचचा दांडा दोन तुकड्यांचा असतो. निळ्या दांड्यावर एक पांढरा तुकडा सैल बसवलेला असतो. दाब ठरावीक बिंदूला पोचला की तो पांढरा तुकडा झटक्यात सुटून खाली आपटतो. हा आवाज दोषातून आलेला नाही, तो मुद्दाम घडवलेला आहे. म्हणून निळ्या स्विचला ग्रीस लावून तो जात नाही. फार तर बेंगरूळ होतो आणि स्पर्शही बिघडतो. तुमच्याकडे निळे स्विच असतील आणि शांतता हवी असेल तर स्विच, निदान त्यातला दांडा, बदलणं हाच मार्ग आहे. मधला उपाय शोधण्यात वेळ घालवू नका.

काम सुरू करण्याआधी फोन शेजारच्या खोलीत ठेवून, दार जसं रात्री असतं तसं ठेवून, एक परिच्छेद टाइप करा आणि त्याचा आवाज रेकॉर्ड करा. पुढे प्रत्येक टप्प्यानंतर तोच परिच्छेद, तीच जागा. टेबलावर बसून आपल्याला जे ऐकू येतं आणि भिंतीपलीकडे जे पोचतं, त्यात बराच फरक असतो. टिंग आणि खरखर भिंतीपलीकडे जातच नाहीत. तिकडे पोचतात तळाचा ठोका, स्पेसबार आणि टेबलाचा घुमारा.

जे फुकटात होतं ते आधी

लोखंडी पत्र्याचं टेबल असेल तर अर्धा आवाज त्याचा. कीबोर्डाखाली जाड रबरी किंवा नमद्याची चटई घाला. जुन्या योगा मॅटचा कापलेला तुकडाही चालतो. टेबल भिंतीला टेकलेलं असेल तर चार बोटं पुढे ओढा. एवढ्यावर घरच्यांची तक्रार थांबली तर पुढचं काही करायची गरज नाही.

दुसरी फुकटची गोष्ट म्हणजे बोटांची सवय. महाराष्ट्रात टंकलेखन शिकलेल्या एका पिढीची बोटं हातयंत्रावर घडली. गोदरेजने १९५५ मध्ये देशात बनवलेला टाइपरायटर बाजारात आणला आणि शिरवळच्या कारखान्यातलं त्यांचं उत्पादन २००९ च्या सुमारास थांबलं. त्या यंत्रावर अक्षर कागदावर आपटण्याची ताकद बोटातून यायची, म्हणून ठोका जोरातच मारावा लागे. क्लासमध्ये शिकवणाऱ्यांच्या हातात ती सवय राहिली आणि त्यांच्याकडून पुढच्या विद्यार्थ्यांकडे गेली. मेकॅनिकल स्विचला त्याची गरज नाही. टक-टक न करणारा गुळगुळीत लाल स्विच एकूण ४ मिलिमीटर खाली जातो, पण अक्षर २ मिलिमीटरलाच उमटतं. उरलेला अर्धा प्रवास म्हणजे नुसती आदळआपट. रोज दहा मिनिटं मुद्दाम हलक्या बोटांनी, तळ न गाठता टाइप करून बघा. सुरुवातीला वेग पडेल, नंतर तो परत येतो. बोटांचे सांधे दुखणाऱ्यांना तर कुठल्याही महाग स्विचपेक्षा हाच उपाय आधी सुचवावा असं माझं मत आहे.

साफसफाई, आणि कळमन्याची धूळ

बाजाराच्या आसपास वापरलेला कीबोर्ड उघडताना तयारीने बसा. धान्याचा भुसा आणि मातीची धूळ तर असतेच, पण मिरचीच्या हंगामात हवेत तिखटाची पूडही असते आणि ती बटणांच्या फटींत शिरून बसते. तोंडाने फुंकर मारू नका. ती पूड सरळ डोळ्यांत आणि घशात जाईल. मास्क आणि चष्मा लावा, पंखा आणि कूलर बंद करा, कीबोर्ड उलटा धरून हलकेच थोपटा, मग कोरड्या रंगाच्या ब्रशने धूळ एका बाजूला ओढा. घरी व्हॅक्युम क्लीनर असेल तर त्याची नळी शेजारी धरून ब्रश फिरवा. काम झाल्यावर हात साबणाने धुवा. तिखटाचा तेलकट अंश नुसत्या पाण्याने निघत नाही.

केबल काढल्याशिवाय यातलं काहीच करायचं नाही, हे सांगायला नको. कॅप काढण्याआधी कीबोर्डाचा फोटो घ्या. कॅप कोमट पाण्यात साबण घालून भिजवा, धुवा आणि सावलीत वाळवा. नागपूरच्या मे महिन्यात गच्चीवर टाकण्याचा मोह होतो, पण एबीएस प्लॅस्टिकच्या कॅप त्या उन्हात पिवळ्या पडतात, लांबट कॅप वाकूही शकतात. कॅपच्या आतल्या फुलीच्या खाचेत पाणी राहतं. ते पूर्ण सुकल्याशिवाय बसवू नका.

अक्षर दोनदा उमटत असेल तर त्याचं कारण बहुतेक वेळा स्विचमधल्या पट्ट्यांवरची धूळ असते. हिशेबाच्या कामात हा दोष साधा नाही. ११०० चे ११००० झाले तर शेतकऱ्याची हिशेबपट्टी चुकते. अशा स्विचमध्ये ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचे एक-दोन थेंब सोडून तो वीस-तीस वेळा दाबा, पूर्ण वाळू द्या आणि मगच केबल लावा. तरीही दोन अक्षरं येत असतील तर तो स्विच बदला.

स्पेसबार आणि त्याचे सात भाऊ

घरातल्यांना जाग येते ती बहुधा स्पेसबारने. अक्षरांच्या स्विचला हात लावण्याआधी ही आठ बटणं नीट करा. खर्च जवळजवळ नाही आणि फरक लगेच कळतो.

कॅप सरळ वर ओढून काढा. खालची तार कशी अडकली आहे ते बघा, कारण जुन्या पद्धतीत ती थेट कॅपला अडकवलेली असते आणि जोरात ओढली तर आकडा तुटतो. तार जिथे प्लॅस्टिकमध्ये शिरते त्या दोन्ही टोकांना घट्ट डायइलेक्ट्रिक ग्रीस लावा. इलेक्ट्रॉनिक्सचं सामान मिळतं तिथे ते मिळतं. तारेला ते सढळ हाताने लावलं तरी चालतं. खडखडाट हा तार आणि प्लॅस्टिकमधल्या सैल जागेचा असतो, ती जागा भरली की तो थांबतो. तार सपाट काचेवर ठेवून बघा. एक टोक वर राहत असेल तर पक्कडीने हलकेच सरळ करा. वाकडी तार कितीही ग्रीस लावलं तरी वाजतेच.

स्टॅबिलायझरचा पाय बोर्डावर जिथे आपटतो तिथे औषधाच्या दुकानातल्या कापडी चिकटपट्टीचा लहान तुकडा लावता येतो. त्यासाठी स्टॅबिलायझर बोर्डावरून सुटा करावा लागतो. ते शक्य नसेल तर सोडून द्या. तारेचं ग्रीस एकटंही बरंच काम करतं.

पेटीचा पोकळ आवाज घालवायला मागचे स्क्रू काढून, बोर्ड आणि तळाच्या मध्ये ईव्हीए फोमचा पातळ पत्रा घाला. स्टेशनरीच्या दुकानात हस्तकलेसाठी मिळतो तोच. काही जण बोर्डाच्या मागच्या बाजूला कागदी मास्किंग टेपचे दोन-तीन थर देतात. त्याने आवाज खोल आणि मवाळ होतो. पण चकचकीत ॲल्युमिनियमची टेप तिथे कधीही लावू नका, ती विजेची वाहक आहे. फोम इतका जाड नको की स्क्रू आवळताना बोर्ड वाकेल.

रबरी रिंगांबद्दल थोडक्यात. कॅपच्या दांडीवर त्या चढवल्या की तळाचा ठोका मऊ होतो, पण प्रवास कमी होतो आणि स्पर्श चिकट वाटतो. वर येतानाचा आवाज तसाच राहतो, निळ्या स्विचची टक-टकही तशीच राहते. स्वस्त आहेत, परत काढता येतात, म्हणून एकदा बघायला हरकत नाही. मी स्वतः त्यांना कायमचा उपाय मानत नाही.

स्विच उघडायचा की बदलायचा

इथे तुमच्या कीबोर्डाची जात ओळखावी लागते. काही कीबोर्ड हॉट-स्वॅप असतात. स्विच चिमट्याने सरळ वर ओढला की निघतो आणि नवा दाबला की बसतो. बाकीच्यांत प्रत्येक स्विचच्या दोन पिनांना बोर्डावर सोल्डरचा डाग दिलेला असतो. बिलिंगचे जुने कीबोर्ड दुसऱ्या प्रकारचे.

डाग दिलेल्या कीबोर्डातही एक गोष्ट तपासा. कॅप काढल्यावर स्विचभोवती धातूची प्लेट दिसते का? प्लेट नसेल आणि स्विच थेट बोर्डावर बसलेला असेल, तर झाकणाचे चार आकडे बारीक चपट्या पेचकसाने सोडवून स्विच जागेवरच उघडता येतो. मग निळा दांडा काढून त्याजागी दुसऱ्या स्विचचा लाल (गुळगुळीत) किंवा तपकिरी (मधे टेकू जाणवणारा) दांडा आणि त्याची स्प्रिंग बसवता येते. डाग सोडवायची गरज पडत नाही. निळ्या दांड्यावरचा नुसता पांढरा तुकडा काढून टाकू नका. पट्टीला दाबणारे पाय त्या तुकड्यावरच असतात, तो काढला तर बटण कामाचं राहत नाही. प्लेट असेल तर बहुतेक तयार कीबोर्डांत झाकण उघडायला जागा नसते आणि सगळे डाग सोडवावे लागतात: १०४ स्विच, २०८ पिना. सोल्डरिंगचा हात बसलेला नसेल तर हे काम घरी करू नका. भोकाच्या आतलं तांबं निघून आलं की बोर्ड वाया जातो. ज्यांना येतं त्यांनी जुन्या डागावर आधी थोडं ताजं कथिल आणि फ्लक्स द्यावा, मग पंपाने ओढावं. जुना डाग नुसता तापवत बसल्यानेच तांबं उचकटतं.

मऊ म्हणजे नेमकं काय

लोक ‘मऊ हवं’ म्हणतात तेव्हा तीन वेगळ्या गोष्टी मागत असतात. काहींना कमी जोर हवा असतो, काहींना खरखर नको असते, काहींना तळाला गादी हवी असते. पहिल्याचा उपाय स्प्रिंग, दुसऱ्याचा ग्रीस, तिसऱ्याचा सायलेंट स्विच.

चेरीच्या निळ्या स्विचला टक्क होण्याच्या बिंदूवर सुमारे ६० सेंटिन्यूटन जोर लागतो, तपकिरीला ५५, आणि लालला अक्षर उमटताना ४५. सेंटिन्यूटन म्हणजे ढोबळमानाने एक ग्रॅम वजन. निळ्याकडून लालकडे आलेल्याला पहिले काही दिवस बोट नुसतं टेकलं तरी अक्षर उमटतं. म्हणून ४५ च्याही खाली एकदम उडी मारू नका, विशेषतः आकड्यांचं काम असेल तर.

सायलेंट स्विचच्या दांड्याला वर आणि खाली अशा दोन्ही टोकांना मऊ रबरी गादी असते. म्हणजे तळाचा आणि झाकणाचा, दोन्ही ठोके तिथेच मरतात. चेरीच्या सायलेंट रेडचा प्रवास त्यामुळे ४ ऐवजी ३.७ मिलिमीटर आहे. शांततेसाठी याच्या तोडीचं दुसरं काही नाही. कितीही निगुतीने ग्रीस लावलेला साधा लाल स्विच सायलेंट स्विचइतका शांत होत नाही. हॉट-स्वॅप कीबोर्ड असेल तर माझा सल्ला सरळ आहे: सायलेंट स्विच घ्या आणि ग्रीसचा खटाटोप नंतर, जमलं तर करा. चेरी, गॅटेरॉन, आउटेमू, अक्को अशा अनेकांचे मिळतात. घेताना पिना बघा. काहींच्या तळाला धातूच्या दोन पिनांसोबत प्लॅस्टिकचे दोन जास्तीचे पाय असतात. तुमच्या बोर्डात त्यांची भोकं नसतील तर ते पाय नेल-कटरने कापावे लागतात.

हिशेबाचं काम करणाऱ्यांनी सगळीकडे एकच स्विच लावण्याची गरज नाही. अक्षरांना सायलेंट लाल जातीचा गुळगुळीत स्विच आणि उजवीकडच्या आकड्यांच्या १७ बटणांना सायलेंट पण मधे टेकू जाणवणारा स्विच लावा. पडद्याकडे न बघता रकमा टाकणाऱ्या बोटाला बटण दाबलं गेल्याची खूण लागते. ती काढून घेतली तर वेग आणि विश्वास दोन्ही जातात.

ग्रीस लावायचंच असेल तर

गुळगुळीत स्विचसाठी क्रायटॉक्स २०५ ग्रेड ०, टेकू असलेल्या स्विचसाठी त्याहून पातळ ट्रायबोसिस ३२०३ किंवा ३२०४, ही रुळलेली नावं आहेत. ही ग्रीसं फ्लोरिनयुक्त तेलापासून बनतात, प्लॅस्टिकला खात नाहीत, सुकत नाहीत आणि नागपूरच्या ४५ अंशांत पातळ होऊन ओघळत नाहीत. पाच मिलिलिटरची डबी एका कीबोर्डाला पुरून उरते.

घरातलं तेल वापरू नका. खोबरेल तेल २४ अंशांच्या आसपास थिजतं, म्हणजे डिसेंबरातल्या पहाटे बटणं जड होणार, आणि पुढे ते खवट होऊन चिकटणार. शिलाई मशिनचं तेल फार पातळ असतं, ते पट्ट्यांपर्यंत ओघळतं. गंज सोडवायचा फवारा कीबोर्डावर अजिबात नको. खनिज तेलांमुळे पॉलिकार्बोनेटच्या पारदर्शक झाकणांना तडे जाऊ शकतात.

कामाला बर्फाचा ट्रे घ्या, एकेका स्विचचे भाग एकेका खणात. ० नंबरचा चित्रकलेचा ब्रश, एक चिमटा, खाली पांढरं कापड. स्प्रिंगा सगळ्या एका झिप पिशवीत घालून त्यावर पातळ तेलाचे (क्रायटॉक्स १०५) काही थेंब टाका आणि पिशवी फुगवून हलवा. टिंग जाते आणि शंभर स्प्रिंगांवर वेगळा हात फिरवावा लागत नाही. मग खालच्या घरातल्या दोन उभ्या खोबणी, दांड्याच्या दोन्ही घासणाऱ्या बाजू, आणि दांड्याखालचा खांब, एवढ्यांवर ब्रश फिरवा. ब्रश डबीत बुडवून आधी कडेला पुसून घ्या. प्लॅस्टिकवर फक्त ओलसर चमक दिसली पाहिजे. पांढरा थर दिसला तर ते जास्त झालं आणि बटण परत वर यायला आळस करेल. टेकू असलेल्या स्विचच्या दांड्याच्या पायांना ग्रीस लावू नका, टेकू नाहीसा होतो. आणि धातूच्या पट्ट्यांना ग्रीस लागता कामा नये. तिथे लागलं की तेच दोन अक्षरांचं दुखणं सुरू होतं. सायलेंट स्विचच्या रबरी गाद्यांनाही ग्रीसपासून लांब ठेवा.

झाकण लावताना दांड्याचे पाय पट्ट्यांच्या बाजूला आहेत ना बघा. मल्टिमीटर बीपवर ठेवून दोन पिनांना लावा आणि दांडा हळू दाबा. अर्ध्यावर बीप आला पाहिजे, सोडल्यावर थांबला पाहिजे. बोर्डात बसवण्याआधी प्रत्येक स्विच असा तपासला तर पुढचा मनस्ताप वाचतो. बसवताना पिना सरळ आहेत ना हेही बघा. हॉट-स्वॅपमध्ये बटण चालत नाही असं वाटतं तेव्हा बहुतेक वेळा पिन आत वाकलेली असते.

एक सुरक्षेची गोष्ट. ही ग्रीसं साध्या तापमानाला निरुपद्रवी आहेत, पण सुमारे ३०० अंशांच्या वर तापली तर त्यांचा विषारी धूर होतो. सोल्डरिंगची टोच त्याहून गरम असते. त्यामुळे पिनांवरचं ग्रीस अल्कोहोलने पुसल्याशिवाय डाग देऊ नका, खिडकी उघडी ठेवा, आणि ग्रीसच्या हातांनी विडी-सिगारेटला शिवू नका.

मराठी टाइप करणाऱ्यांसाठी

या विषयावरचा बहुतेक सल्ला इंग्रजी टाइप करणाऱ्यांना समोर ठेवून दिलेला असतो. इनस्क्रिप्ट या कळमांडणीवर मराठी लिहिताना बोटांचा भार वेगळा पडतो. मात्रा आणि स्वर डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. इंग्रजी डीच्या बटणावर हलन्त आहे, म्हणजे बहुतेक जोडाक्षरांना ते दाबावं लागतं. ईवर काना. आणि ख, घ, भ, ळ, ण यांना शिफ्ट लागते. ‘कळमना’ टाइप करून बघा: के, मग शिफ्टसह एन, मग सी, व्ही, ई. पाच अक्षरी ठोक्यांत एक शिफ्ट. ‘पट्टी’ लिहा, हलन्ताचं बटण आलंच. तेव्हा डी, ई आणि दोन्ही शिफ्ट यांच्याकडे इंग्रजीवाल्यांपेक्षा जास्त लक्ष द्या. शिफ्टचा स्टॅबिलायझर वाजत असेल तर मराठीच्या जवळजवळ प्रत्येक ओळीत तो वाजणार. ही बटणं लवकर झिजतात, म्हणून नवे स्विच घेताना चार-पाच जास्तीचे घेऊन ठेवा.

लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट हा वेग लागतो. त्याची तयारी करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं की केंद्रावर मिळेल तो कीबोर्ड वापरावा लागतो, आणि तो बहुधा साधा रबरी घुमटाचा असतो. रात्रीचा सराव शांत, मऊ कीबोर्डावर खुशाल करा. परीक्षेच्या आधीचे काही आठवडे मात्र दिवसा साध्या कीबोर्डावर बसा. हलक्या स्प्रिंगची सवय झालेलं बोट तिथे अक्षरं गाळतं.

गाळ्यातला कीबोर्ड

ज्या कीबोर्डावर रोज हिशेबाच्या पट्ट्या निघतात, तो उघडू नका. तो निळा आणि डाग दिलेला असेल तर त्याला चटई घाला, धूळ झाडा, स्पेसबारच्या तारेला ग्रीस द्या आणि तसाच चालू द्या. काम संपल्यावर कापड टाका, मिरचीच्या दिवसांत तर न चुकता, कारण ग्रीस लावलेल्या जागी धूळ अधिक चिकटते. घरासाठी वेगळा हॉट-स्वॅप कीबोर्ड आणि सायलेंट स्विच घेणं हे एका चालत्या कीबोर्डाचे २०८ डाग सोडवण्यापेक्षा शहाणपणाचं आहे.

आणि घरचा कीबोर्ड हाती घेतलात तर पहिल्या दिवशी चारच स्विच करा: डी, ई, एन आणि आकड्यांतला १. आठवडाभर त्यावर रोजचं काम करा, रेकॉर्डिंग शेजारच्या खोलीत ऐका, घरच्यांना विचारा. पटलं तर उरलेले शंभर करा. काढलेले जुने स्विच डबीत जपून ठेवा, कधी एखादा बिघडला तर तेच कामी येतील.